चिमणी उरली, गिरणी कुणाची?

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलेला माणूस बीबी का मकबरा पाहतो आणि पाणचक्कीवर थांबतो. बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या नक्षबंदी सूफींचा तिथे दर्गा आहे. मशीद आहे, मदरशाच्या खोल्या आहेत, मोठा हौद आहे आणि वडाची गार सावली आहे. पण त्या जागेला लोकांनी नाव दिले ते ना मशिदीचे ना दर्ग्याचे. नाव पडले चक्कीचे. शहराबाहेरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंच भिंतीवर चढवून खाली सोडायचे, त्या जोरावर लोखंडी चक्र फिरवायचे आणि चक्राने दगडी जाते. या जात्यावर दर्ग्यातल्या तालिबइल्मांसाठी, फकिरांसाठी आणि आल्यागेल्या मुसाफिरांसाठी पीठ पडत असे. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्या शतकाचा पूर्वार्ध हा या बांधकामाचा काळ. वाफेचे इंजिन आपल्याकडे यायला अजून शंभर वर्षे होती.

आपण पाणचक्कीला 'ऐतिहासिक वास्तू' म्हणतो. 'औद्योगिक वास्तू' असे कुणी म्हणत नाही. खरे तर ती दोन्ही आहे. माणसाच्या हाताचे काम पाण्यावर सोपवणारे ते यंत्रघर आहे. आणि ते टिकले आहे. आज तिथल्या पिठावर कुणाचे पोट अवलंबून नाही, तरीही आवार माणसांनी भरलेले असते. राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच आवारात आहे. तिथली देखभाल फार उत्तम आहे असा माझा दावा नाही. नळांची आणि हौदाची हेळसांड पाहून वाईट वाटते. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या जागेचे तिकीट काढून आत जाणाऱ्याला "तुमचे इथे काय काम?" असे कुणी विचारत नाही.

मराठीत 'गिरणी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पीठ दळते तीही गिरणी आणि कापड विणते तीही गिरणीच. पाणचक्की पाहताना मला दर वेळी दुसरी गिरणी आठवते. ती मुंबईची, माझ्या अब्बांची. पाणचक्की तीनशे वर्षे टिकली आणि अब्बांची गिरणी शंभर-सव्वाशे वर्षांत का संपली, हा प्रश्न दगडविटांचा नाही. पाणचक्कीचा दगड मुंबईच्या काळ्या दगडापेक्षा काही जास्त पक्का नव्हता. फरक दुसरीकडे होता, आणि तो शोधण्यासाठी हा लेख आहे.

मालक करीमभाई, साचेवाला मोमीन

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने ताडदेवला काढली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये काम सुरू झाले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, चीनला सूत जाऊ लागले आणि परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी या भागांत चिमण्यांचे जंगल उभे राहिले. यालाच आपण गिरणगाव म्हणतो.

गिरणगावाचा इतिहास लिहिताना पारशी आणि गुजराती भांडवल, कोकणी आणि घाटावरचा मराठा कामगार अशी जोडी लावून बहुतेक जण मोकळे होतात. चित्र खोटे नाही, अपुरे आहे. मालकांच्या यादीत सर करीमभाई इब्राहिम हे नाव फार वरचे आहे. हे खोजा घराणे. एका काळी मुंबईतल्या सर्वांत मोठ्या गिरणीसमूहांपैकी एक त्यांच्या हाती होता. १९१० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, उभे राहत होते तेव्हा करीमभाईंनी तीन लाख रुपये दिले. सरकारनेही तेवढेच दिले होते. पुढे मंदीच्या फेऱ्यात १९३३ मध्ये हा समूह कोसळला, गिरण्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या, नावे बदलली. आज त्या संग्रहालयात मूर्ती आणि लघुचित्रे पाहायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की ही इमारत काही अंशी धोट्याच्या आणि चातीच्या कमाईवर उभी आहे? गिरणीच्या पैशातून शहराला संग्रहालय मिळाले. गिरणीला मात्र स्वतःचे संग्रहालय मिळायला शतक लोटले तरी पुरले नाही.

हे झाले मालकाचे. कामगाराचे काय? १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून जे मोमीन विणकर परागंदा होऊन मुंबईत आले त्यांनी मदनपुरा वसवला. आधी त्यांनी हातमाग चालवले, नंतर त्यांतले अनेक गिरण्यांच्या विणाई खात्यात गेले. माग हा त्यांचा पिढीजात धंदा, त्यामुळे साचा त्यांना परका नव्हता. विणाई खात्यात मराठा आणि मुसलमान कामगार शेजारी शेजारी उभे राहिले. तिथे तिसरा माणूस मात्र नव्हता. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. या कारणाने दलित कामगारांना विणाई खात्याची दारे बंद होती, आणि विणाई खात्यातच पगार चांगला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. आपण ज्या गिरणीच्या आठवणी काढून हळवे होतो तिच्या भिंतीआड हीही भिंत होती. जतन करायचेच तर तिचीही नोंद हवी. त्या साच्यावर उभ्या असलेल्या आपल्या माणसांनी तिच्याविरुद्ध फार आवाज केला असे दिसत नाही. हे आपणच लिहिलेले बरे.

मुस्लिम मराठी साहित्याच्या वाचकाला शाहीर अमर शेख यांची ओळख करून द्यायला नको. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल हा गिरणी कामगार संपातून घडला, तुरुंगात गेला, मुंबईला येऊन अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने गाजवली. गिरणीने केवळ कापड विणले नाही. तिने मराठी भाषेला एक आवाजही दिला, आणि त्या आवाजाचे नाव मुसलमान होते.

छप्पर, खांब आणि पन्हळ

गिरणीची इमारत म्हणजे नुसते मोठे गुदाम, असा अनेकांचा समज असतो. अब्बा मला लहानपणी पगाराच्या दिवशी फाटकापर्यंत नेत. एकदाच आत नेले होते. मला आठवते ते छप्पर. करवतीचे दाते एकापुढे एक ठेवावेत तसे ते होते. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा येतो. विणणाऱ्याला तुटलेला धागा दिसला पाहिजे, आणि उन्हाने सूतही कोरडे पडू नये, यासाठी ही रचना. मागांचे वजन आणि हादरे फार, म्हणून विणाई खाते बहुधा तळमजल्यावर, एकमजली. सूतकताई मात्र दोन-तीन मजल्यांच्या इमारतीत, ओतीव लोखंडाच्या खांबांवर. बाहेर बॉयलर, त्याची चिमणी, आणि वाफ थंड करायला पाण्याचे तळे. पाणचक्कीचा हौद आणि गिरणीचे तळे, दोन्हीकडे पाणी यंत्राच्याच चाकरीत होते.

अशी इमारत नव्या कामाला फार सोयीची असते. आत अडसर नाही, उजेड भरपूर, उंची भरपूर. ग्रंथालय करा, अभ्यासिका करा, दवाखाना करा, मुलांचे व्यायामघर करा, शंभर माणसे जेवतील असा सभामंडप करा. भिंत पाडावी लागत नाही. पण डागडुजीचे म्हणून एक शास्त्र आहे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल घेतो आणि सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून सडते. ओतीव लोखंडाचा खांब वरचा भार पिढ्यान्‌पिढ्या पेलतो, पण वाकत नाही, थेट मोडतो. म्हणून त्यावर वाटेल तसे माळे चढवता येत नाहीत. आणि करवती छपराच्या दोन दात्यांमधली पन्हळ तुंबली की मुंबईचा पाऊस आठवड्याभरात आतले लाकूड कुजवतो. जाणकार सांगतात, जुन्या गिरणीवर पहिला रुपया पन्हळीवर खर्च करा, रंगावर शेवटचा.

हे विसरल्याची किंमत माणसांनी मोजली आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण गेले. जिथे एके काळी भोंग्यावर माणसे आत-बाहेर करीत, तिथे बाहेर पडायला नीट वाट नव्हती. जुन्या आवाराचा नवा वापर म्हणजे नुसती नवी पाटी नव्हे, हे त्या रात्री सगळ्या शहराला कळले.

संप, आणि एका शब्दाची किंमत

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरात तो आजही 'चालू' आहे. गिरण्या बंद असताना कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. आणि कामापाठोपाठ अब्बाही गेले. मदनपुऱ्यातली खोली सोडून भिवंडीत त्यांनी दोन माग भाड्याने घेतले. विचित्र न्याय पाहा. संपकऱ्याचा संप ज्या मागांनी मोडला, त्याच मागांवर संपकऱ्याने पोट भरले. १९८४ च्या दंगलीत भिवंडी होरपळली, तेव्हा तेही गेले. अब्बांनी पुन्हा सुरुवात केली. तो वेगळा विषय आहे.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. एकूण ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यावर पडून होती. त्यांतल्या २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, एक राज्य महामंडळाकडे आणि ३२ खाजगी. या जमिनी मूळच्या उद्योगासाठी दिलेल्या, त्यातल्या बऱ्याचशा सवलतीने. उद्योग गेला तर जमीन कुणाची?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत क्रमांक ५८ चा नियम आला. ढोबळ मानाने तो असा होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे करा. एक वाटा महापालिकेला बागा आणि मैदानांसाठी, एक वाटा म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक वाटा मालकाला. मला हा नियम वाचताना पाणचक्की आठवते. कारण आपल्याकडे वक्फ नावाची जी जुनी कल्पना आहे तिचा गाभाही हाच. मिळकत कुणाच्या नावे आहे याहून तिचा फायदा कुणाला मिळणार हे आधी लिहून ठेवायचे, आणि ते पुढच्या पिढीला मोडता येऊ नये. पाणचक्कीचे पीठ कुणी खायचे हे ठरलेले होते, म्हणून जाते थांबले तरी जागा लोकांची राहिली. १९९१ चा नियम ही शहराने गिरणगावाला दिलेली तसलीच सनद होती.

पण सनदेला भोक होते. जुन्या इमारती पाडल्या नाहीत, आत फक्त वापर बदलला, तर वाटणीचा प्रश्न टाळता येत होता. मग एकाएकी पुष्कळांना जुन्या इमारतींचे प्रेम आले! विणाई खात्यांत जाहिरात कंपन्यांची कार्यालये आली, उपाहारगृहे आली. लोअर परळच्या एका गिरणीत कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली श्रीमंतांचा बोलिंगचा खेळ सुरू झाला, हे तेव्हा वर्तमानपत्रांत गाजले होते. इथे आपल्याला एक धडा मिळतो. तो विसरू नये असे मला वाटते. जुनी गिरणी न पाडता वापरणे ही गोष्ट आपोआप लोकांच्या भल्याची ठरत नाही. भिंत वाचली आणि हक्क गेला असेही होते. मुंबईत नेमके तेच झाले.

१९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली. सर्व गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करावा, म्हणजे तुकड्या-तुकड्यांऐवजी सलग मैदाने, रस्ते आणि घरे मिळतील, ही त्यामागची दृष्टी. ती कागदावर राहिली. मग २००१ मध्ये नियम ५८ बदलला. बदल छोटा दिसत होता. वाटणी आता सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त 'मोकळ्या' जमिनीची, म्हणजे जिथे मुळात बांधकाम नव्हते तेवढीच. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? सगळीकडे खाती, गुदामे, बॉयलर. दोन तृतीयांश हक्क आक्रसून अंगणाएवढा झाला. पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात गेल्या होत्या. एका शब्दाने गिरणगाव विकले गेले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरीकडे काय झाले

जग एवढेच करते का? तसेही नाही. दोन उदाहरणे देतो.

ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात पोंपेया नावाची कामगारवस्ती आहे. तिथे लोखंडी पिंपे बनवणारा जुना कारखाना बंद पडला. व्यापारी आस्थापनांच्या वर्गणीवर चालणाऱ्या सेस्क या संस्थेने तो घेतला आणि लीना बो बार्दी या वास्तुविशारद बाईंना काम दिले. त्या पाहणीला गेल्या तेव्हा पडक्या शेडमध्ये वस्तीतली पोरे चेंडू खेळत होती, कुटुंबे डबे उघडून बसली होती. बाईंनी ठरवले, जे चालू आहे तेच चालू ठेवायचे, फक्त छप्पर नीट करायचे. ग्रंथालय, नाट्यगृह, मोठी खानावळ, हस्तकलेच्या कार्यशाळा, आणि बसायला उबदार कोपरे. १९८२ मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला. पुढे १९८६ मध्ये बाजूला खेळांचे उंच मनोरे झाले. १९८२! आपल्याकडे ज्या साली भोंगे थांबले, त्याच साली तिकडे बंद कारखान्याचे दार वस्तीला उघडले. तिथे यश आले ते बाईंच्या प्रतिभेमुळे, हे खरेच. पण त्याहून मोठे कारण असे, की जागेची मालकी आणि चालवण्याचा कायमचा पैसा अशा संस्थेकडे होता जिला ती विकायची नव्हती.

दुसरे उदाहरण इस्तंबूलचे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोत जी लाल गोंड्याची तुर्की टोपी दिसते, तिचा कारखाना. सुलतान महमूद दुसरा याने सैन्याचा पागोटे काढून फेज चढवला, आणि त्यासाठी १८३० च्या दशकात 'फेसहाने' उभा राहिला. गोल्डन हॉर्न खाडीच्या काठी, एयुप भागात. १९२५ मध्ये अतातुर्क यांच्या कायद्याने टोपीवरच बंदी आली, तरी कारखाना लोकरी कापड काढत राहिला. १९८६ मध्ये तो बंद झाला. इमारतीची दुरुस्ती झाली, प्रदर्शने भरली, मधे हेळसांडही झाली. २०२३ मध्ये शहराच्या नगरपालिकेने तो कला आणि संस्कृतीचे केंद्र म्हणून पुन्हा खुला केला. टोपी गेली, कायदा आला, सत्ता बदलल्या. इमारत नगरीच्या नावे राहिली म्हणून तिला चौथ्यांदा जगता आले.

आपल्या घराजवळचेही एक उदाहरण आहे, जरी ते गिरणीचे नाही. मदनपुऱ्याच्या शेजारी नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये नेबरहूड हाऊस काढले. साधी इमारत, मिश्र वस्ती. तिथेच १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्य शिक्षणाच्या शाळेचा पहिला वर्ग भरला. तीच पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आणि नागपाड्याच्या पोरांनी बास्केटबॉलमध्ये नाव काढले. वस्तीला एक छप्पर आणि एक मैदान मिळाले तर त्यातून काय निघेल याचा अंदाज आधी कुणालाच बांधता येत नाही. म्हणून तर ते द्यावे लागते.

जे हाती लागले

मुंबईला काहीच मिळाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दादरच्या इंदू मिलची साडेबारा एकर जागा बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे भूमिपूजन झाले. इमारती गेल्या, जमीन लोकांकडे आली. ज्या विणाई खात्याच्या दारावर बाबासाहेबांच्या माणसांना अडवले जाई, तशाच एका गिरणीच्या जागेवर त्यांचे स्मारक व्हावे, यात इतिहासाचा एक हिशेब चुकता होतो. माझ्या मते हा वापर उत्तमच आहे.

कामगारांच्या घरांसाठी मोठी चळवळ झाली. २८ जून २०१२ रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली, ६,९२५ घरांची. अर्ज मात्र दीड लाखाच्या आसपास होते. हा आकडाच सगळे सांगतो.

आणि काळाचौकीला, मूळच्या ससून या बगदादी यहुदी घराण्याच्या आणि नंतर इंडिया युनायटेड नावाने ओळखल्या गेलेल्या क्रमांक दोन-तीनच्या गिरणीत, वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याचा घाट महापालिकेने घातला. तिथे चिमणी आहे, खाती आहेत, तळे आहे. मुंबईत गिरणीच्या इमारतीत गिरणीचीच कहाणी सांगायची ही शेवटची मोठी संधी म्हणायला हरकत नाही. योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. तळ्यावर संगीत कारंज्याचे बेत आधी झाले. कारंज्याला माझा विरोध नाही. पाणचक्कीतही कारंजे आहे. पण मला प्रश्न पडतो तो आतल्या भिंतींवर काय लागणार याचा.

यंत्रे मिळतील, मालकांची तैलचित्रे मिळतील. साचेवाल्याचे काय मिळेल? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये कामगारांच्याच तोंडून ऐकलेला गिरणगावचा इतिहास पुस्तकात आणला, तेव्हा मुलाखतींतून केवढे तरी जग समोर आले. आता त्या पिढीतली माणसे भराभर जात आहेत. मदनपुऱ्यातून भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला पांगलेल्या आपल्या घरांत बदली कार्डे आहेत, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, युनियनच्या पावत्या आहेत, शिसवी धोटे आहेत. घरी बसून कांड्या भरणाऱ्या आपल्या आया आणि खाला आहेत, ज्यांचे नाव कुठल्याच मस्टरवर नव्हते. यांतले काही आपण कुणाला नेऊन दिले आहे का? कुणाची मुलाखत मोबाइलवर तरी टिपली आहे का? उद्या संग्रहालयात आपले नाव दिसले नाही, तर "आम्हाला वगळले" असे म्हणायला आपण पुढे असू. वगळले जातेही, ते मी नाकारत नाही. पण जे आपण ट्रंकेत ठेवले ते दुसऱ्याने भिंतीवर कसे लावावे?

तेव्हा दोन कामे आहेत, आणि दोन्ही एकदमच करावी लागतील. जिथे जिथे जुना कारखाना, जुना यंत्रमागाचा शेड, जुनी जिनिंग फॅक्टरी बंद पडून आहे, तिथे वापराचा हक्क आधी कागदावर मागायचा, रंगरंगोटी नंतर. भिवंडी-मालेगावात आज ना उद्या ही वेळ येणारच आहे. आणि तो हक्क मिळेल तेव्हा आत ठेवायला आपली आठवण तयार असली पाहिजे.

२००७-०८ च्या सुमारास मी अब्बांना त्यांची गिरणी दाखवायला घेऊन गेलो होतो. उंच काचेची इमारत झाली होती. चिमणी मात्र ठेवली होती, खाली फुलझाडे, वर दिवे. फाटकावरच्या मुलाने अदबीनेच विचारले, "काका, कुणाकडे जायचंय?" अब्बांना उत्तर सुचेना. ज्यांच्याकडे जायचे होते ते कुणीच आत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून त्यांनी चिमणीवरून अंतर मोजले, बोटाने हवेत दोन-तीन रेघा मारल्या आणि म्हणाले, "बेटा, हमारा साचा वो गाड़ियाँ खड़ी हैं ना, उधर होता."

त्यांचा धोटा माझ्या टेबलावर आहे. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे बोटांनी गुळगुळीत झालेले लाकूड, आणि धागा ओढायचे ते बारीक छिद्र. काळाचौकीचे दार उघडेल त्या दिवशी तो मी तिथे नेऊन देणार आहे. सोबत एक चिठ्ठी. तीत अब्बांचे नाव, खाते आणि पाळी. आणि ज्यांना त्या खात्यात येऊ दिले नव्हते त्यांच्याविषयी एक ओळ.